मोटारीची बैठक आणि चाकांची सरळ रेषा

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविलेले जयसिंगपूर हे आखणी करून उभे राहिलेले गाव आहे. येथील रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात आणि एका टोकाला उभे राहिले की दुसरे टोक दिसावे अशी ही मांडणी आहे. जमिनीवर सूत धरून, ओळंबा सोडून आणि काटकोन साधून अशी आखणी होते. मोटारीची चारही चाके सरळ रेषेत आणणे, ज्याला सर्वत्र ‘अलाइनमेंट’ या नावाने ओळखले जाते, ते काम तत्त्वतः याहून वेगळे नाही. तेथेही सूत, ओळंबा आणि काटकोन हीच साधने. आज त्यांची जागा कॅमेरे आणि संगणक यांनी घेतली असली तरी मोजावयाच्या गोष्टी त्याच आहेत.

हा विषय येथे मांडण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत लहान-मोठ्या शहरांतून मोटार ‘खाली बसविण्याची’ हौस वाढली आहे. मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घालावयाच्या, म्हणजे मोटार जमिनीच्या जवळ येते, दिसावयास रुबाबदार वाटते आणि वळणावर अधिक स्थिर राहील अशी समजूत असते. ही हौस तरुणांपुरतीच आहे असे समजून शासकीय अधिकाऱ्याने, शिक्षकाने वा पंचायत सदस्याने हा लेख बाजूला ठेवण्याचे मात्र कारण नाही. मोटारीची बैठक बदलण्यास नवीन स्प्रिंगच लागते असे नाही. दहा वर्षे वापरलेली, स्प्रिंगा दमलेली कार्यालयीन मोटार आपोआप खाली बसलेली असते. शाळेच्या व्हॅनमध्ये ठरलेल्यापेक्षा अधिक मुले बसविली की तीही बसते. बैठक कोणत्या कारणाने खाली गेली याची विचारपूस चाके करीत नाहीत. त्यांच्यावर होणारा परिणाम बव्हंशी सारखाच असतो.

चाकाचे तीन कोन

चाक जमिनीवर कसे उभे आहे हे सांगण्यासाठी तीन कोन पुरेसे होतात. समोरून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून किती कलले आहे, हा पहिला कोन. त्याला कॅम्बर म्हणतात. चाकाचा माथा मोटारीच्या आतल्या बाजूस कलला असेल तर कॅम्बर ऋण, बाहेर कलला असेल तर धन. दुसरा कोन वरून पाहावयाचा. चालताना काही माणसांची पावले आत वळलेली असतात, काहींची बाहेर फाकलेली. चाकांचेही तसेच. पुढची टोके आत वळली असतील तर टो-इन, बाहेर फाकली असतील तर टो-आउट. तिसरा कास्टर हा कोन बाजूने पाहावा लागतो. स्टिअरिंग फिरविल्यावर चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष माथ्याकडे किंचित मागे झुकलेला असतो. सायकलचा पुढचा चिमटा ज्या तिरकसपणामुळे हात सोडले तरी सायकल सरळ नेतो, तोच हा तिरकसपणा. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येते ते मुख्यतः याच्या बळावर.

वळताना आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळले पाहिजे, हा विचार मोटारीपेक्षाही जुना आहे. म्युनिक येथील गाडी बनविणारे गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी घोडागाडीसाठी ही रचना शोधली आणि १८१८ साली इंग्लंडमध्ये तिचे पेटंट रूडॉल्फ आकरमान यांनी घेतले. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असे घडण्याचे हे एक उदाहरण. आजही या रचनेस आकरमानच्याच नावाने ओळखतात.

आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींच्या पुढील चाकांना मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन असते. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याची ही रचना इंग्लंडमधील फोर्ड कंपनीने १९५० साली आपल्या कॉन्सल व झेफर या मोटारींत वापरली आणि पुढे स्वस्त व सुटसुटीत म्हणून ती जगभर पसरली. तीत एक उभा खांब असतो. खांबात शॉकॲब्सॉर्बर, भोवती स्प्रिंग. खांबाचा माथा मोटारीच्या सांगाड्याला, तर पायथा एका आडव्या दांड्याला जोडलेला असतो. या दांड्यास गॅरेजमध्ये ‘लोअर आर्म’ म्हणतात. चाक त्या खांबालाच घट्ट बसविलेले असल्याने खांब जितका कलेल तितकेच चाकही कलते. पुढील सारा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

बैठक खाली आली म्हणजे काय घडते

भिंतीला टेकविलेली शिडी डोळ्यांपुढे आणावी. शिडीचा पाय भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर ठेवून तिची उंची कमी केली, तर शिडी अधिक आडवी होते. मॅकफर्सन खांबाचे नेमके असेच होते. समजण्यासाठी एक ढोबळ उदाहरण घेऊ. खांबाचा माथा पायथ्यापेक्षा ६०० मिलिमीटर उंच आणि १३० मिलिमीटर आत आहे असे धरा. म्हणजे खांब उभ्या रेषेपासून सुमारे सव्वाबारा अंश कललेला झाला. आता मोटार ४० मिलिमीटर खाली बसविली. उंची ५६० झाली. त्याच वेळी किंचित खाली उतरता असलेला लोअर आर्म आडवा झाला आणि त्याने चाकाचा पाया दोन-सव्वादोन मिलिमीटर बाहेर ढकलला. नवा कोन सव्वातेरा अंशांच्या किंचित वर येतो. म्हणजे चाकाचा माथा पूर्वीपेक्षा सुमारे एक अंश आत कलला. प्रत्येक मोटारीची मापे वेगळी, त्यामुळे हा आकडा कमी-अधिक होईल. पण ४० मिलिमीटरला सुमारे एक अंश हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

एक अंश ऐकावयास क्षुल्लक वाटतो. १७५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला एक अंश कलविले तर त्याच्या दोन कडांच्या उंचीत तीन मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढ्याने टायरची आतली कड अधिक दबते आणि आधी झिजू लागते. ही झीज बाहेरून दिसत नाही, हाच तिचा खरा धोका. मोटारीभोवती फेरी मारून टायर पाहणाऱ्यास बाहेरची कड चांगली दिसते. आतल्या कडेचे धागे उघडे पडलेले असतात ते टायर फुटल्यावरच कळते.

तरीही टायरचा खरा शत्रू कॅम्बर नव्हे, टो आहे. स्टिअरिंगला जोडलेला टाय रॉड आणि लोअर आर्म या दोन दांड्यांची लांबी व खुंट्या सारख्या नसतील तर मोटार खाली-वर होताना त्यांची टोके निरनिराळ्या वर्तुळांत फिरतात. बैठक बदलली की त्यांच्यातील मेळ मोडतो आणि चाकाचे पाऊल आत वा बाहेर वळते. कोणत्या बाजूस वळेल हे स्टिअरिंगची पेटी आसाच्या पुढे आहे की मागे, आणि दांड्यांची मूळची मांडणी कशी आहे, यावर ठरते. पुष्कळ मोटारींत ते बाहेर फाकते. अर्धा अंश वळलेले चाक, मोटार सरळ जात असताना, प्रत्येक किलोमीटरला आपल्या दिशेने सुमारे पावणेनऊ मीटर बाजूला जाऊ पाहते. जयसिंगपूर ते कोल्हापूर हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. तेवढ्या प्रवासात ही ओढ साडेतीनशे मीटरांच्या घरात जाते. ती सगळीच घासण्यात जात नाही, काही भाग रबराच्या लवचिकपणात जिरतो. पण जो उरतो तो डांबरावर खवणीसारखा काम करतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती इंधनातून येते. अर्धा अंश म्हणजे ६०० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर पुढच्या व मागच्या कडेत अवघा पाच मिलिमीटरचा फरक. डोळ्यांना तो दिसत नाही.

हाताला मात्र समजतो. गॅरेजमधील जुने जाणते मिस्त्री टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवून टो ओळखतात, त्यात जादू नाही. हात बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर नेताना करवतीसारखा लागला तर चाके टो-इनमध्ये आहेत. उलट असेल तर टो-आउट. ही परीक्षा कोणाही वाहनचालकास पाच मिनिटांत शिकविता येते, आणि प्रत्येक कार्यालयाने ती आपल्या चालकास शिकवावी.

कास्टरवर परिणाम होतो तो पुढची व मागची बाजू सारखी खाली न आणल्यास. मागील आसापासून पुढील आसापर्यंत २,४०० मिलिमीटर अंतर असलेल्या मोटारीचे नाक मागच्यापेक्षा ४० मिलिमीटर अधिक खाली आणले तर सारा सांगाडा सुमारे एक अंश पुढे झुकतो आणि कास्टरही तेवढाच कमी होतो. वेगात मोटार हलकी, भिरभिरी वाटते आणि स्टिअरिंग स्वतःहून सरळ येईनासे होते.

आता ज्या स्थिरतेसाठी हा खटाटोप करावयाचा तिच्याबद्दल. लोअर आर्म आडव्या रेषेच्याही वर गेला, म्हणजे बाहेरचे टोक आतल्यापेक्षा उंच झाले, की मोटार वळणावर ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू सांगाड्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो. परिणामी सांगाडा आणि तो बिंदू यांमधील अंतर कमी होण्याऐवजी वाढते, आणि कलण्याची प्रवृत्तीही वाढते. म्हणजे काही मर्यादेपलीकडे खाली बसविलेली मोटार अधिक स्थिर होत नाही, फक्त तशी दिसते. आखूड स्प्रिंग कडक असल्याने हा दोष झाकला जातो इतकेच. स्प्रिंगा कापून मोटार खाली बसविण्याचा जो स्वस्त मार्ग काही ठिकाणी वापरला जातो, त्याविषयी तर दोन मते असू नयेत. कापलेल्या स्प्रिंगचे टोक आपल्या खोबणीत नीट बसत नाही, चाक लोंबकळताच ती जागेवरून सुटू शकते, आणि गॅसने कापली असेल तर उष्णतेने पोलादाचा कसही जातो.

सुधारणेचा क्रम

येथे क्रमाला महत्त्व आहे. सांध्यांत ढिलाई असताना केलेली अलाइनमेंट म्हणजे ढासळत्या भिंतीला दिलेला रंग होय. म्हणून प्रथम टायरमधील हवा कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी करावी, चारही टायर एका मापाचे असावेत, आणि जॅकवर उचलून प्रत्येक चाक हाताने हलवून बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके व बुश यांत ‘प्ले’ नाही याची खात्री करून घ्यावी. रिम वाकलेली असल्यास कोणतेही यंत्र खरे माप देणार नाही. नंतर चारही बाजूंस चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहावी. डावी व उजवी बाजू यांत ठळक फरक असेल तर एखादी स्प्रिंग चुकीची बसली आहे वा दमली आहे, आणि पुढचे काम तेथेच थांबविणे शहाणपणाचे.

यानंतरची एक पायरी पुष्कळदा गाळली जाते. लोअर आर्मच्या मुळाशी रबरी बुश असतात. मोटार मूळ उंचीवर असताना त्यांचे बोल्ट आवळलेले असतात आणि त्या स्थितीत रबराला पीळ नसतो. मोटार खाली आली की हे रबर कायमचे पिळलेले राहते. ते आर्मला परत ढकलू पाहते आणि काही महिन्यांत फाटते. म्हणून मोटार चारही चाकांवर, आपल्या नव्या उंचीवर उभी असताना हे बोल्ट सैल करून, मोटार दोन-तीनदा दाबून, पुन्हा योग्य जोराने आवळावे लागतात. अर्ध्या तासाचे काम असते, पण त्यासाठी खड्डा किंवा रॅम्प लागतो.

मग मागची चाके. आपल्याकडील पुष्कळशा लहान मोटारींत मागील बाजूस तुळईसारखा एकच आडवा भाग असतो आणि त्यात फिरवून जुळविण्यासारखे काही नसते. म्हणून काही ठिकाणी मागची चाके मोजलीही जात नाहीत. हे बरोबर नाही. खड्ड्यात आदळून मागचे एखादे चाक किंचित वळले असेल, तर मोटारीला पुढे ढकलणारी रेषा मध्यरेषेशी जुळत नाही आणि चालकाला सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग सतत वाकडे धरावे लागते. पुढची चाके कितीही जुळवा, हा दोष जाणार नाही. हब आणि तुळई यांच्यामध्ये उतरत्या जाडीची चकती घालून तो काढता येतो. तुळईच वाकली असेल तर ती बदलणे आले.

पुढच्या चाकांत आधी कास्टर, मग कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो, हा क्रम असण्याचे कारण साधे आहे. कॅम्बर हलविला की टो बदलतोच. टो हलविल्याने कॅम्बर जवळजवळ बदलत नाही. म्हणून जो टो आधी जुळवितो त्याला तो पुन्हा जुळवावा लागतो. अडचण अशी की पुष्कळ मोटारींत कंपनीने फक्त टो फिरविण्याचीच सोय ठेवलेली असते. बैठक खाली आल्यावर कॅम्बर मर्यादेबाहेर गेला तर केवळ टाय रॉड फिरवून मोटार ‘ओके’ करून देणे म्हणजे अर्धे काम होय. अशा वेळी खांब आणि चाकाचा जोड यांमधील वरचा बोल्ट काढून तेथे लंबवर्तुळी दंडाचा बोल्ट घालतात. त्याने साधारण एक ते दीड अंश परत मिळू शकतो. याहून अधिक सुधारणा लागत असेल तर मोटार प्रमाणाबाहेर खाली बसविली आहे असे समजावे आणि अधिक उंच स्प्रिंगा घालाव्यात. प्रस्तुत लेखकाच्या मते हाच सर्वांत स्वस्त उपाय असतो, जरी तो कोणास आवडत नसला तरी.

डाव्या-उजव्या चाकांचे कोन सारखे असणे हे प्रत्यक्ष आकड्यांइतकेच आवश्यक आहे. ज्या बाजूचा कॅम्बर अधिक धन, त्या बाजूस मोटार ओढते. ज्या बाजूचा कास्टर कमी, त्याही बाजूस ओढते. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मध्यापासून कडेला उतरते केलेले असतात. तेव्हा डावीकडे किंचित ओढ जाणवली तर लगेच दोष मोटारीच्या माथी मारू नये. शक्य असल्यास सपाट जागी पारख करून घ्यावी.

यंत्र नसेल तेथे

संगणकीय अलाइनमेंटची सोय मोठ्या गावांत आता सहज मिळते. ती नसेल तेथे, किंवा मिळालेल्या कागदावर विश्वास बसत नसेल तेथे, सूत व ओळंबा हाताशी आहेत. गवंडी ज्या काळजीने भिंत उभी करतो तेवढी काळजी मात्र हवी. सपाट फरशी शोधावी आणि पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने चारही चाकांखालची पातळी तपासावी. मोटार थोडी पुढे ढकलून उभी करावी, मागे नव्हे, कारण मागे ढकलल्यास सांध्यांतील ढिलाई उलट बाजूस जाते. स्टिअरिंग मधोमध बांधून ठेवावे. मोटारीच्या दोन्ही बाजूंस चाकाच्या मध्याच्या उंचीवर एकेक सूत ताणावे. पुढील दोन्ही हबच्या मध्यापासून सुताचे अंतर डावीकडे व उजवीकडे सारखे हवे, तसेच मागील दोन्ही हबपासूनचेही. पुढच्या व मागच्या चाकांमधील रुंदी वेगळी असल्याने पुढचे आणि मागचे अंतर एकमेकांशी जुळेलच असे नाही, आणि जुळावे असा आग्रहही धरू नये. मग प्रत्येक रिमची पुढची कड व मागची कड सुतापासून मोजावी. पुढची कड सुतापासून अधिक दूर असेल तर चाक टो-इनमध्ये आहे. कॅम्बरसाठी चाकाशेजारी ओळंबा सोडून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचे अंतर मोजावे. वर-खाली ३६० मिलिमीटर अंतरावर सहा मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे एक अंश. या पद्धतीने कास्टर नीट मोजता येत नाही. पण टो तिने इतक्या बारकाईने कळतो की, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांना यंत्रापूर्वी हीच रीत शिकविणे इष्ट ठरेल. माध्यमिक शाळेतील गणित शिक्षकांनाही कोनाचा स्पर्श, म्हणजे टॅन्जंट, शिकविताना शाळेच्या आवारात उभी असलेली कोणतीही मोटार कामी येईल.

जुन्या जीप आणि उसाच्या ट्रॉल्या यांचा विचार थोडा वेगळा आहे. पुढे सलग आस आणि कमानपाटे असलेल्या जीपमध्ये पाटे बसले तरी कॅम्बर व टो फारसे बदलत नाहीत, कारण दोन्ही चाके एकाच आसाला बांधलेली असतात. बदलतो तो स्टिअरिंगचा मध्य आणि कास्टर. ट्रॉलीत पाट्यांचे यू-बोल्ट सैल झाले किंवा मधला बोल्ट तुटला तर आस तिरका सरकतो आणि ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागे तिरकी चालू लागते. जोडणीच्या डोळ्यापासून आसाच्या दोन्ही टोकांची अंतरे टेपने मोजली की हा दोष उघड होतो. गळीत हंगामात शिरोळ तालुक्याच्या रस्त्यांवर अशा ट्रॉल्यांची रीघ लागते. हंगामापूर्वी प्रत्येकीला ही दोन मापे घ्यावयास दहा मिनिटेही लागत नाहीत.

अलाइनमेंटपलीकडचे परिणाम

बैठक खाली आल्यावर केवळ चाकांचे कोन जुळविले म्हणजे मोटार निर्धोक झाली असे नाही. दिव्यांचा झोत बदलतो. नाक अधिक खाली आले असेल तर रात्री पुढचे कमी दिसते आणि मागे भार असेल तर समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जातो. ब्रेकच्या रबरी नळ्या व टायर मडगार्डला घासत नाहीत हे पूर्ण वळणावर व पूर्ण भाराखाली पाहावे लागते. काही व्हॅन व जीपांत मागील आसाला जोडलेली एक झडप असते. मागची बाजू भाराने खाली बसली की ती मागच्या ब्रेकला अधिक दाब देते, आणि रिकाम्या गाडीत दाब कमी ठेवते. बैठक कायमची खाली आणल्यास ही झडप रिकामी गाडीही भरलेली समजते. ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबला तर मागची चाके आधी जखडतात आणि गाडी फिरते. मुलांची ने-आण करणाऱ्या वाहनात हा दोष किती महाग पडेल हे सांगावयास नको. स्प्रिंगा बदलल्या असतील तर या झडपेचा दांडा नव्या उंचीप्रमाणे जुळवून घेणे हे अलाइनमेंटइतकेच आवश्यक आहे.

गतिरोधकांचा प्रश्न मात्र केवळ मोटारमालकाचा नाही, तो पंचायतीचाही आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसाधारण वाहतुकीसाठी १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच गोलाकार उंचवटा सांगितला असून, तो ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने ओलांडावा अशी कल्पना आहे. आपल्या उदाहरणातील २,४०० मिलिमीटर आसांतराची मोटार अशा उंचवट्यावर मधोमध आली तरी तिच्या पोटाखालील जागेपैकी अवघे ४२ मिलिमीटर खर्च होतात. ४० मिलिमीटर खाली बसविलेली मोटारही त्यावरून निर्धास्त जाते. याउलट हाताने डांबर टाकून केलेला, दोन फूट रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच बंड पोटाखालची सारी १५ सेंटिमीटर मागतो. त्यावर खाली बसविलेलीच नव्हे तर मूळ बैठकीची, पण प्रवाशांनी भरलेली मोटारही अडकते, आणि रुग्णवाहिकेतील रुग्णास तो हादरा बसतो तो वेगळाच. चाकांचे कोन बिघडण्याचे खड्ड्यांनंतरचे मोठे कारण हे बंड आहेत. ग्रामसभेत गतिरोधकाची मागणी आली की तिच्यासोबत मापेही ठरवावीत.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षी झालेल्या सुधारणेने कलम १८२-अ आले आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरविण्यात आली. योजलेला बदल या तरतुदीत येतो की नाही याबद्दल गॅरेजमधील तोंडी आश्वासनावर विसंबू नये. परिवहन कार्यालयाकडून आधी लेखी विचारणा करून घ्यावी, आणि विमा कंपनीसही कळवावे.

शिरोळ तालुक्यापुरती आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा या नद्यांच्या पुराने २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी येथील रस्ते पाण्याखाली गेले होते. बैठक ४० मिलिमीटर खाली आणलेल्या मोटारीत पाणी तेवढेच आधी शिरते. पुराच्या पाण्यातून गेलेल्या कोणत्याही वाहनाच्या चाकांची बेअरिंगे, बॉल जॉइंटची रबरी टोपणे आणि बुश तपासल्याशिवाय अलाइनमेंट करू नये. गाळ आत गेलेला सांधा त्या दिवशी घट्ट वाटतो आणि महिन्याभराने ढिला होतो.

नव्या स्प्रिंगा घातल्यावर त्या पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आणखी थोड्या बसतात. म्हणून जुळणी दोनदा करावी लागते. एकदा लगेच, आणि दुसऱ्यांदा पाचशे ते हजार किलोमीटरनंतर. त्यानंतर दर दहा हजार किलोमीटरला, किंवा मोठ्या खड्ड्यात आदळल्यावर लगेच, तपासणी पुरे. यंत्रातून मिळणाऱ्या कागदावर जुळणीपूर्वीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे छापलेले असतात. केवळ नंतरचे आकडे देणाऱ्या गॅरेजकडून पूर्वीचेही मागून घ्यावेत, त्यावर चारही चाकांजवळची उंची हाताने लिहावी, आणि शासकीय वाहन असेल तर तो कागद टायर खरेदीच्या पावतीसोबत वाहनाच्या नोंदवहीत चिकटवावा. पुढच्या वेळी टायर लवकर झिजले असे चालकाने सांगितले, तर कारण शोधावयास तेथूनच आरंभ करता येईल.